दहा सेकंद गप्प राहा

गेल्या मे महिन्यात, दुपारी सव्वाबाराला, दिवे घाटात मस्तानी तलाव खाली दिसायला लागतो त्या वळणाच्या पुढे माझी मॉरिस मायनर थांबली. आधी दोन गचके बसले, मग चढावर ओढ गेली, मग इंजिन बंद. मी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि बॉनेट उघडलं. दहा मिनिटांत सात माणसं जमली. सात जणांनी मिळून नऊ कारणं सांगितली. पंपाचा आवाज येतोय का, हे एकानेही विचारलं नाही.

माझी तक्रार ही आहे. ती लहान आहे हे मला मान्य आहे, पण गेली तेवीस वर्षं ती मी घाटात, सिग्नलला, गॅरेजात आणि लग्नाच्या मांडवासमोर सोसते आहे, आणि आता ती नीट मांडायची वेळ आली आहे.

गाडी 1953 ची. समोरची काच दोन तुकड्यांची, इंजिन 803 सीसीचं, वळायचं असलं की दाराजवळच्या खांबातून पिवळा हात बाहेर येतो. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हीच मायनर ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने काढली होती, त्यामुळे तिला ओळखणारी जुनी माणसं अजून भेटतात. बाबांनी आमची गाडी सेकंडहँड घेतली, आयुष्यभर चालवली, आणि जाताना किल्ली, मॅन्युअल आणि बिघाडांची एक वही माझ्या हवाली केली. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द ‘पंप’ आहे.

या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. हे मला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. फियाटवर हात बसलेले मिस्त्री वाकून इंजिनच्या अंगाला पंप शोधतात, कारण फियाटचा पंप तिथे असतो आणि इंजिन फिरलं की चालतो. हल्लीच्या गाड्यांवर शिकलेली मुलं मागची सीट काढायला निघतात, कारण त्यांचा पंप टाकीत बुडवलेला असतो. माझा पंप इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, बॉनेट उघडताच समोर दिसतो. खाली अ‍ॅल्युमिनियमचं बूड, वर लोखंडी गोल डबा, त्याच्या टोकाला काळ्या बॅकेलाइटची टोपी. एवढ्या उघड्यावर असलेली वस्तू न दिसणं मी समजू शकते. पण ती बोलत असते, आणि तरीही कोणी ऐकत नाही, हे मला समजत नाही.

ती काय बोलते ते सांगते. किल्ली फिरवली की पंपाच्या आतल्या कॉइलमध्ये करंट जातो आणि ती लोहचुंबक होते. चुंबक एका लोखंडी चकतीला ओढतो. त्या चकतीला पातळ पडदा जोडलेला असतो, त्याला आपण डायफ्रॅम म्हणतो. पडदा मागे आला की टाकीतून पेट्रोल आत ओढलं जातं. चकती पुरती मागे आली की टोपीखालचे दोन पॉइंट टक्कन उघडतात, करंट तुटतो, चुंबक सोडतो आणि स्प्रिंग पडद्याला ढकलून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे पाठवते. पडदा पुढे पोचला की पॉइंट पुन्हा मिटतात. टक्, टक्, टक्. कार्ब्युरेटरची वाटी भरली, आतली सुई बसली, की पेट्रोलला जायला जागा उरत नाही. पडदा मागच्या मागे थांबतो, पॉइंट उघडे राहतात आणि पंप गप्प होतो. वीज खात नाही, गरम होत नाही. वाटीतलं पेट्रोल कमी झालं की आपण होऊन पुन्हा एक टक्.

म्हणजे निरोगी पंपाची ओळख अगदी सोपी आहे. किल्ली फिरवा, सेल्फ मारू नका. आधी भरभर टक्टक्, मग सावकाश, मग शांतता. या सगळ्याला फार तर दहा सेकंद लागतात. बाबा किल्ली फिरवत आणि डावा हात वर करत. तो हात खाली येईपर्यंत आई, मी आणि धाकटा भाऊ, कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नसू. घरातल्या इतर बाबतींत बाबांचं फारसं कोणी ऐकत नसे, पण त्या दहा सेकंदांना सगळे मान देत.

आता पंप आजारी असला तर तो काय सांगतो ते बघा. किल्ली फिरवल्यावर एकही टक् आली नाही, तर पंपापर्यंत करंट पोचत नाही, किंवा अर्थ तुटला आहे, किंवा पॉइंट जळाले आहेत. टक्टक् भरभर चालू राहिली आणि थांबेचना, तर तो पेट्रोलऐवजी हवा ओढतो आहे: टाकी रिकामी आहे, टाकीकडून येणाऱ्या नळीचा जोड ढिला आहे, किंवा उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ झाली आहे. गाडी बंद, किल्ली चालू, आणि दर चार-पाच सेकंदांनी एक सावकाश टक् येते आहे, तर कुठून तरी पेट्रोल निसटतं आहे, नाहीतर कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नाही. आणि टक् जड, ओढल्यासारखी, दोन टक्‌मध्ये दमल्यासारखं अंतर, पंप हाताला तापलेला, तर टाकीच्या बाजूने वाट अडली आहे आणि तो बिचारा ओढून ओढून थकला आहे. चार आवाज, चार वेगळ्या वाटा. एकही नट न सोडता अर्धा तपास पुरा होतो.

आणि तरीही बॉनेट उघडलं की पहिलं वाक्य येतं: “कचरा आलाय, ताई.”

हे वाक्य मी सातारा रस्त्यावर ऐकलं आहे, अलिबागला ऐकलं आहे, आमच्या सोसायटीच्या दारात ऐकलं आहे. कचरा कधीतरी येतोही. पण हे वाक्य बोलणाऱ्याचा हात पुढच्या क्षणी कार्ब्युरेटरवर असतो. दोन स्क्रू निघतात, वाटी निघते, तिच्याखालचं पातळ वॉशर रस्त्यावर पडतं. पंपातून पेट्रोल येतच नसेल तर वाटी धुऊन काय मिळणार? कोरडी वाटी कोरडीच परत बसते. फरक इतकाच की ती आता गळते सुद्धा. गाडी ज्या कारणाने थांबली ते कारण तसंच राहतं आणि त्याच्या शेजारी दुसरं येऊन बसतं. वहीत अशा नोंदी आहेत, त्यांच्यापुढे मी ‘मूळ बिघाड’ आणि ‘मदतीचा बिघाड’ असे दोन रकाने पाडले आहेत.

दुसरी तक्रार पाना मारणाऱ्यांबद्दल. गप्प पंपावर पान्याच्या दांड्याने हलकेच टिचकी मारली की तो बऱ्याचदा चालू होतो, हे खरं आहे. पॉइंटवर काजळी बसलेली असते, धक्क्याने ते जागचे हलतात आणि करंट सुरू होतो. पण ही टिचकी तपासाचा भाग आहे. टिचकीने पंप चालला याचा अर्थ पॉइंट साफ करायला झालेत, घरी पोचताच टोपी उघडा. लोक मात्र याला दुरुस्ती समजतात. “चालू झाला ना? मग झालं!” म्हणून निघून जातात. पुढच्या खेपेला टिचकी जोरात लागते, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी जोरात. आणि मारायचं असतं खालच्या धातूच्या अंगावर. लोक मारतात टोपीवर, कारण ती हाताला जवळ पडते. बॅकेलाइट हा चिवट पदार्थ नाही, तो तडकतो. माझ्या पंपाच्या टोपीला वायरच्या खिट्टीपासून काठापर्यंत केसाएवढी चीर आहे. पावसाळ्यात त्या चिरेतून ओल आत जाते आणि पॉइंटवर हिरवट थर धरतो. मी तिथे चिकटपट्टी लावली आहे. ती चीर कोणी पाडली, कुठे पाडली, सगळं वहीत आहे. त्याने फक्त मदत केली होती, म्हणून इथे नाव लिहिलेलं नाही.

तिसरी तक्रार अर्थिंगची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते. गप्प बसलेल्या पंपांपैकी किती पंपांत काहीच बिघडलेलं नसतं, याची लोकांना कल्पना नाही. पंपाला एक वायर करंट देते आणि करंटचा परतीचा रस्ता गाडीच्या पत्र्यातून असतो. पंपाच्या अंगावरून एक आखूड वायर पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. त्या स्क्रूखाली गंज धरला की रस्ता बंद. आठ वर्षांपूर्वी गाडीला रंग दिला, रंगाऱ्याने बॉनेटच्या आतही फार सुरेख काम केलं. इतकं सुरेख की अर्थच्या स्क्रूखालचा पत्राही रंगवला. रंगातून वीज जात नाही. पंधरा दिवस गाडी कधी चालायची, कधी नाही. तीन जणांनी पंप बाद ठरवला. चौथा मल्टिमीटर घेऊन आला, वायरीवर लावला, 12 व्होल्ट दाखवले आणि म्हणाला, “करंट तर येतोय, म्हणजे पंपच गेला.”

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण हा गैरसमज फार पसरला आहे. मल्टिमीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीचा एकच धागा शिल्लक असला, जोडावर गंज असला, तरी त्यातून मीटरला लागेल तेवढं पोचतं आणि आकडा 12 येतो. पंपाला मात्र खरा करंट लागतो, आणि तो त्या एका धाग्यातून येत नाही. म्हणून जुने वायरमन दोन वायरी लावलेला साधा बल्ब खिशात ठेवत. बल्ब करंट मागतो. जोड खराब असेल तर बल्ब पिवळा, मरतुकडा पेटतो आणि खरं काय ते कळतं. मीटरच वापरायचा असेल तर पॉइंट मिटलेले असताना, करंट चालू ठेवून, एक टोक पंपाच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर धरावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाट अर्थमध्येच अडली आहे. मी तो स्क्रू सोडला, पत्रा नाण्याएवढा खरवडून चकचकीत केला, पुन्हा आवळला. पंप लगेच बोलला. खर्च शून्य. तोवर मला नव्या पंपाचे दोन भाव मिळाले होते.

याच गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जातो. मायनर तशीच घडवलेली आहे. बॉनेटखाली मी मराठीत, ठळक, लाल अक्षरात लिहून ठेवलं आहे: ‘प्लस अर्थ’. तरीही बॅटरी बदलताना ती दोनदा उलटी लागली. वाचलं होतं, असं दोन्ही वेळा सांगण्यात आलं. लिहिणाऱ्याची चूक असेल असं वाटलं म्हणे. पॉइंटचा पंप उलट्या बॅटरीवरही तसाच टक्‌टक् करतो, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. डायनॅमो मात्र आपल्या जुन्याच दिशेने वीज बनवतो आणि कटआउटचे पॉइंट जळतात. आणि जे लोक मला सांगतात की हा जुना खटारा पंप फेका आणि इलेक्ट्रॉनिक बसवा, त्यांनी हेही सांगावं की आतल्या ट्रान्झिस्टरला प्लस-मायनस उलटं चालत नाही. एकदा उलटं लागलं की तो तिथेच संपतो, आणि मरताना एक टक्‌सुद्धा करत नाही.

‘नवा टाका’ म्हणणाऱ्यांचा तर स्वतंत्र वर्ग आहे. नाना पेठेत एका दुकानात मला एक गोल, चंदेरी पंप दाखवण्यात आला, कुठल्याही गाडीला चालतो म्हणून. मी विचारलं, प्रेशर किती? दुकानदार म्हणाले, “भरपूर आहे, काळजी नको.” काळजी त्याचीच आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल साधारण 3 बार दाबाने येतं. माझ्या कार्ब्युरेटरला त्याचा दहावा हिस्साही नको. जास्त दाब आला की वाटीतल्या सुईला तो रोखता येत नाही, पेट्रोल वरून वाहतं, तेही एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीपासून वीतभर अंतरावर. हे मी समजावून सांगत होते तेव्हा मागचं गिऱ्हाईक म्हणालं, “ताई, साहेबांना घेऊन या ना एकदा.” साहेब घरी आहेत. त्यांना गाडी चालवता येत नाही.

पंप उघडायची वेळ येते तेव्हा काय करायचं असतं तेही लिहून ठेवते, निदान एकाच्या तरी उपयोगी पडेल. बॅटरीची वायर आधी काढायची. जवळ कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवायचं. टोपीवरचा छोटा पितळी नट काढायचा. तो बीए नावाच्या जुन्या ब्रिटिश आट्याचा आहे, हरवला तर बाजारातला मिलिमीटरचा नट त्यावर चढत नाही, चढवला तर आटे खातो. म्हणून मी खाली पांढरा रुमाल पसरते. टोपी निघाली की पातळ पितळी पट्टी आणि तिच्या टोकाला पॉइंट दिसतात. चांगला पॉइंट करडा आणि सपाट असतो. बिघडलेल्यावर मधोमध काळा-निळा डाग, एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही, त्याचे कण आत रुतून बसतात. गंज सोडवायचा स्प्रे मारायचा नाही, त्याचा तेलकट थर ठिणगीने जळून पुन्हा काजळी होते. मी जुन्या पोस्टकार्डाची बोटभर पट्टी कापते, दोन पॉइंटमध्ये धरते, पट्टीवर हलका दाब देते आणि ओढते. पहिली पट्टी काळी निघते. दुसरी राखाडी. तिसरी स्वच्छ निघाली की काम झालं. पोस्टकार्डाचा कागद त्यासाठी अगदी योग्य जाडीचा आहे. बाबांना आलेली सगळी पत्रं मी जपून ठेवली आहेत, पण कोरी कार्डं या कामासाठी वेगळी काढली आहेत.

पडदा बदलायचा असेल तर तो नुसता आवळून चालत नाही. आधी आत फिरवत न्यायचा, पॉइंट उडायचे थांबेपर्यंत. मग एकेक भोक मागे सोडवत, दर वेळी अंगठ्याने दाबून बघायचं. पॉइंट पुन्हा उडायला लागले की तिथून आणखी चार भोकं मागे, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. पाच नाही, तीन नाही. एका गॅरेजात मी हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं, “अंदाजाने होतं ते.” अंदाजाने झालेला तो पंप घरापर्यंतही पोचला नाही.

आणि हा पंप ज्यांनी घडवला त्यांनी अंदाजाने काही केलेलं नव्हतं. पंप एसयू कंपनीचा. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. स्किनर बंधूंच्या घरचा धंदा बुटांचा होता, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. 1926 साली विल्यम मॉरिस यांनी ती कंपनी विकत घेतली, म्हणून मॉरिसच्या गाड्यांत हा पंप आला. त्याआधीच्या काळात पेट्रोल इंजिनपर्यंत न्यायचं हाच मोठा प्रश्न होता. फोर्डच्या मॉडेल टीत पेट्रोल नुसतं उतारावरून वाहून येत असे, त्यामुळे टाकीत कमी पेट्रोल असलं की उभा चढ मागे तोंड करून, रिव्हर्समध्ये चढावा लागे. काही गाड्यांत इंजिनच्या ओढीवर चालणारी वेगळी टाकी असे. लांब चढावर पूर्ण रेस दिली की तिची ओढ कमी व्हायची, म्हणजे नेमक्या घाटात पेट्रोल तुटायचं. विजेच्या पंपाने ही अडचण संपवली. घाटाचा चढ असो वा उतार, इंजिन फिरत असो वा बंद, किल्ली दिली की पेट्रोल हजर. घाट चढता यावा म्हणून जी वस्तू केली गेली, तिला घाटात उभं करून दगडाने बडवणं मला सहन होत नाही.

आता पेट्रोलबद्दल. 2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि दोन वर्षांत ते सगळीकडे झालं. नव्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलं असतं. 1953 च्या गाडीतलं रबर, बूच आणि लाख त्यासाठी बनवलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि टाकीच्या तळाशी सत्तर वर्षं शांत बसलेला थर सोडवून वर आणतं. तो पंपाच्या तळाच्या जाळीत येऊन अडकतो. म्हणून मी ती जाळी आता महिन्यातून एकदा काढते, पेट्रोलमध्ये धुते, उजेडासमोर धरून एकेक भोक बघते. नळ्या आणि वॉशर बदलून घेतले. जगाने माझ्या गाडीसाठी थांबावं असं माझं म्हणणं नाही. पंपावर नोजल धरणाऱ्या दादांनी “सगळं पेट्रोल सारखंच असतं, मावशी” असं म्हणू नये, इतकंच.

तर दिवे घाट. सात माणसं. नऊ कारणं: कचरा, कॉइल, कंडेन्सर, प्लग, हेड गॅसकेट, ऊन, बॅटरी, गाडीचं वय, आणि “बाई एकट्या चालवतात म्हणून”. एकाच्या हातात पेटती सिगारेट होती. ती विझवायला मी सांगितलं, तर त्याने ती पाठीमागे लपवली. मी किल्ली फिरवली आणि बाबांसारखा हात वर केला. कोणी थांबलं नाही. ट्रक चढत होते, हॉर्न वाजत होते, हेड गॅसकेटवाले आणि कंडेन्सरवाले आपापसांत बोलत होते. मी म्हटलं, “दादा, दहा सेकंद गप्प राहा, प्लीज.” त्यावर सगळ्यांनी मिळून मी काय म्हणाले ते एकमेकांना समजावून सांगितलं.

शेवटी मी मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पंपाच्या बुडाला टेकवलं आणि लाकडी मूठ कानाच्या हाडावर दाबली. बाहेरचा गलबला गेला. आत एक जड टक् झाली. मग काही नाही. मी मनात आकडे मोजले. सातव्याला दुसरी टक्, पहिलीपेक्षा मंद, तळातून काहीतरी ओढून आणल्यासारखी. डब्याला हात लावला, चटका बसला.

गप्प नव्हता, म्हणजे करंट होता, अर्थ होता, पॉइंट ठीक होते. भरभर नव्हता, म्हणजे वाफ नव्हती, हवा नव्हती. ऊन म्हणणाऱ्या गृहस्थांचं कारण मे महिन्यात साधार होतं, पण वाफ झाली असती तर पंप धावला असता. हा धावत नव्हता, ओढत होता. वाट मागे अडली होती. जाळी मी चारच दिवसांपूर्वी धुतली होती. मग टाकीकडे नवीन काय होतं? पंधरा दिवसांपूर्वी घेतलेलं झाकण. जुन्याचं रबर गेलं होतं म्हणून घेतलेलं, नीट बसणारं, छान आवळणारं.

मी मागे गेले आणि झाकण फिरवलं. ते सुटताना टाकीने हवा आत ओढली, स्पष्ट, लांब, सुस्कारा टाकल्यासारखी. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं. नव्याला नव्हतं. जितकं पेट्रोल बाहेर जात होतं तितकी हवा आत यायला हवी होती, ती येत नव्हती. सपाट रस्त्यावर पंपाने कसंबसं भागवलं. चढावर इंजिनने जास्त मागितलं आणि पंपाचा जोर संपला. पुढून आवाज आला: टक्टक्टक्टक्, मग टक्, टक्, मग एक शेवटची. मग शांतता. निरोगी पंपाची शांतता. मी झाकण सैल ठेवून त्यावर फडकं बांधलं, पुढे आले, चोक न देता सेल्फ ओढला. पहिल्या फेरीत इंजिन लागलं.

मी मागे होते तेवढ्या वेळात ऊन म्हणणाऱ्या गृहस्थांनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून कार्ब्युरेटरवर टाकला होता. इंजिन लागताच टाळ्या वाजल्या. त्यांच्या पाठीवर थाप पडली. मी झाकणाचं सांगायचा प्रयत्न केला. एकाने मान डोलावली आणि म्हणाला, “हो, पण गार केलं म्हणून बरं झालं.” रुमाल मला भेट म्हणून देण्यात आला, पुढच्या वेळी लागेल म्हणून.

घरी येऊन मी झाकणाला दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, आत बारीक जाळी लावली, वहीत नोंद केली: ‘टक् मंद, पंप गरम, झाकण बंद. मदतीचा बिघाड नाही.’ माझं काम संपलं. पण ते सात जण सासवडकडे आणि पुण्याकडे पांगले, आणि प्रत्येकाने ओल्या रुमालाचं कारण बरोबर नेलं. पुढे कुठेतरी, कुठल्यातरी चढावर एखादी गाडी थांबेल. तिचा पंप जे सांगायचं ते सांगत असेल. आणि कोणीतरी आत्मविश्वासाने पाण्याची बाटली उघडेल.

त्या गाडीच्या मालकाला माझी विनंती आहे. हात वर करा आणि सगळ्यांना दहा सेकंद गप्प बसवा. माझ्याने ते झालं नाही.